माफीपुरतं इंग्रजी

अक्कांना इंग्रजीत फक्त माफी मागता यायची. हे मी थट्टेनं म्हणत नाही. थट्टा करण्याइतकं माझं स्वतःचं इंग्रजी तेव्हा नव्हतं आणि आजही फार आहे अशातला भाग नाही. पण अक्कांचं खरंच तसं होतं. माल उशिरा पोचला, रंग उतरला, खोकं फाटलं, उत्तर द्यायचं राहिलं, कशाबद्दलही त्या झरझर अशी दिलगिरी लिहायच्या की पलीकडच्या परदेशी माणसाला वाटावं, ही बाई विलायतेत शिकून आलेली असणार. त्याच बाईला ‘एक चहा, साखर कमी’ हे इंग्रजीत सांगता येत नव्हतं.

त्याचं कारण साधं होतं. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना. अक्का तिथं लागल्या त्या घड्या घालायला. घरी तेलुगू, शाळा मराठी, शिक्षण दहावी. पुढं त्यांचं अक्षर बघून मालकांच्या वडिलांनी त्यांना ऑफिसात घेतलं आणि परदेशी पत्रांची फाईल हातात दिली. आता माल चांगला पोचला की कोणी पत्र लिहीत नाही. लिहितात ते चिडलेले. म्हणजे अक्कांचं पहिलं आणि शेवटचं पाठ्यपुस्तक म्हणजे तक्रारींची फाईल. त्या फाईलवरून त्या इंग्रजी शिकल्या, शब्द न शब्द कोशात बघून, आणि उत्तरं देत गेल्या. साहजिकच त्यांच्या इंग्रजीत दोनच माणसं होती, एक रागावलेलं आणि एक हात जोडून उभं राहिलेलं.

एकदा दिल्लीच्या प्रदर्शनात एका गोऱ्या गृहस्थानं स्टॉलवर येऊन त्यांना हसून ‘हाऊ आर यू’ विचारलं. अक्कांनी त्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मनःपूर्वक खेद कळवला. तो बिचारा गडबडून स्वतःच सॉरी म्हणाला आणि निघून गेला. ही हकीकत अक्का स्वतः सांगायच्या, आणि शेवटी न चुकता म्हणायच्या, “पर ऑर्डर दिली बघ त्यानं नंतर.”

मी मोडनिंबची. एम. कॉम. करून कारखान्यात नवीन लागले होते आणि अक्कांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते. अक्का तेव्हा साठीला आलेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, चष्म्याला काळी दोरी. आलेला प्रत्येक ईमेल त्या छापून घ्यायच्या. स्क्रीनवर वाचायला सांगितलं तर म्हणायच्या, “कागदावर आल्याबिगर राग कळत न्हाय गं.” कागद हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून त्या तो मोठ्यानं वाचायच्या आणि चिडणाऱ्यांना नावं ठेवायच्या. एक होता रडका, एक फोटोवाला, एका बाईचं नाव तुसडी. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका मालिकांच्या गोष्टी करायच्या आणि अक्का आम्हाला रडक्यानं या वेळी काय लिहिलंय ते सांगायच्या. खरं सांगायचं तर मालिकेपेक्षा ते रंगायचं.

मला इंग्रजी शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं ते मी फोनला घाबरते हे त्यांच्या लक्षात आल्यावर. परदेशातून फोन आला की मी बाथरूमला जायची. अक्का पहिल्या आठवड्यात काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, “पोट बिघडलंय, का इंग्रजी?”

त्यांची शिकवायची जागा म्हणजे जिना. आमचं ऑफिस वर आणि खाली मागांची शेड, मधे सिमेंटचा जिना. अक्का मला वरच्या पायरीवर उभं करायच्या आणि म्हणायच्या, ही सॉरीची. इथं सगळं जग उभं असतं. रिक्षाचा धक्का लागला, सॉरी. एक पायरी खाली रिग्रेटची, ती कंपन्यांची, तिथं कोणाला काही वाटत नाही, नुसतं लिहायचं. त्याच्या खाली एम्बॅरॅस्ड. लग्नात जेवायला बसल्यावर कळलं की आपण दुसऱ्याच लग्नाला आलोय, तर ही पायरी. मग अशेम्ड. आणि सगळ्यात खाली, शेडच्या दाराला लागून असलेल्या पायरीवर नेऊन त्या थांबायच्या. ती मॉर्टिफाईडची.

हा शब्द त्यांना सापडला होता एका जुन्या पत्रात. आमच्या निळ्या टॉवेलांचा रंग उतरून कुणा हॉटेलातले पाहुणे निळे होऊन बाहेर आले होते, तेव्हा त्या हॉटेलच्या बाईनं लिहिलेलं. अक्कांनी कोशात बघितलं तर त्या शब्दाच्या मुळाशी मरण. त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले म्हणे. “आपल्यात कसं, मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतोत की नाही? तेच. ती गोरी बाई बी लाजंनं मरती. मला वाटायचं, ही लोकं नुसती चिडतात.” त्या दिवसापासून परदेशी माणसांवर त्यांचा जीव बसला. माणूस लाजेनं मरू शकतो म्हणजे तो आपल्यातलाच, असा त्यांचा सरळ हिशेब.

मला तर हा शब्द मिळाल्यावर काय करू आणि काय नको असं झालं. चहा उशिरा आला, मी मॉर्टिफाईड. ईमेलला फाईल जोडायची राहिली, मॉर्टिफाईड. मोबाईलच्या स्टेटसला तेच. एकदा आईला फोनवर सांगितलं, आज फार मॉर्टिफाईड झाले. आई म्हणाली, “मग डॉक्टरला दाव की. अंगावर काढू नगंस.”

अक्कांनी आठवडाभर हे ऐकून घेतलं. मग माझा एक ईमेल छापून त्यावर लाल पेनानं गोल केला. “रोज मरणारं माणूस कुणी खरं धरत न्हाय,” त्या म्हणाल्या. “हा शब्द जपून ठेव. एखाद्या वक्ताला लागंल.” मी विचारलं, तुम्ही कधी वापरला? त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि फोटोवाल्याचं पत्र काढलं. बावीस फोटो पाठवले होते त्यानं, एका सुटलेल्या धाग्याचे.

त्या वर्षी आम्हाला एक नवीन गिऱ्हाईक मिळालं. समुद्राकाठी छोटी छोटी हॉटेलं चालवणारी एक वयस्क बाई. तिनं नमुना म्हणून आपल्या कपाटातला जुना, आवडता टॉवेल पाठवला आणि लिहिलं, हाच मऊपणा, हीच जाडी, मला असाच हवा. टॉवेल खरोखर सुरेख होता. त्याच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याची बारीक खूण होती, दोन उभ्या रेघा आणि एक आकडीसारखं काहीतरी.

नमुना मी खाली मागांच्या मास्तरांकडे दिला. मास्तर म्हणजे शेडचा कणा. पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल, आणि कोणत्याही मागाजवळून जाताना आवाजावरून त्याचं दुखणं सांगणार. त्यांनी टॉवेल उलटापालटा केला, कोपरा बोटांनी चाचपला आणि विचारलं, “मॅडम, ये लाल निशाण बी घ्यायचं, का सोडायचं? जरा पूछ के सांगा.”

पूछ के, म्हणजे त्या बाईला विचारून. ती ईमेलला दोन-दोन दिवस उत्तर द्यायची नाही. काम घाईचं, म्हणजे फोनच करावा लागणार. खुणेला काय म्हणायचं, आकडीला काय म्हणायचं, तिनं उलट काही विचारलं तर काय. मी म्हटलं, “नमुन्यात आहे ना? मग घ्या. हुबेहूब करा.”

मास्तरांनी हुबेहूब केलं. त्यांनी लाल रंग तीनदा बदलून जुळवला. कंटेनरभर टॉवेल विणले गेले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात ती खूण इतकी नेटकी उतरली की मालकांनीही पाठ थोपटली.

माल पोचल्यावर बाईचा ईमेल आला, फोटोसकट. ती खूण धोब्याची होती. गावातल्या लाँड्रीत टॉवेल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तिथल्या माणसानं कधीकाळी घातलेले टाके. बाईनं लिहिलं होतं, आता माझ्या सगळ्या हॉटेलांतले सगळे टॉवेल त्या एका धोब्याचे झाले आहेत, आणि तो धोबी वारला त्यालाही काही वर्षं झाली.

आज हे लिहिताना मला हसू येतं. त्या दिवशी कोणी हसत नव्हतं. मालकांनी मास्तरांना वर बोलावलं. मी माझ्या टेबलावरच होते. “इतकी वर्षं मागावर काढली, मास्तर, तुम्हाला डिझाईन आणि धोब्याची खूण ह्यातला फरक कळत नाही? विचारायचं तरी कुणाला.”

मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं, जसं आपण कुणाला वाट देताना बघतो. मग खाली मान घालून म्हणाले, “कळायला पाहिजे होतं, मालक. गलती झाली.”

“मग ह्या महिन्याचं काम आवरा आणि घरी बसा. वय झालं तुमचं.”

मी गप्प राहिले. तोंड उघडायला मला दोन क्षण पुरले असते. मास्तर जिना उतरून गेले, त्यांच्या चपलांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला, आणि समोरच्या स्क्रीनकडे बघत राहिले.

माफीचं पत्र अर्थातच आमच्या टेबलावर आलं. अक्का म्हणाल्या, या खेपेला तू लिही. मी लिहिलं, वुई आर मॉर्टिफाईड. अक्कांनी कागद घेतला आणि त्या दोन अक्षरी ‘वुई’वर काट मारली.

“हा शब्द कंपनीला चालत न्हाय. कंपनी कशानं मरती? माणूस मरतंय. सांग, कोण मेलंय यात?”

मी म्हटलं, मास्तरांची चूक आहे, त्यांच्या वतीनं लिहू का?

“मास्तर बिगर विचारता माशी बी विणणार न्हाय,” अक्का म्हणाल्या. “त्यांनी कुणाला तरी विचारलं असणार. त्यांना बोलणी बसली तेव्हा तुझं तोंड बघितलं मी.”

मग मला रडू आलं आणि मी सगळं सांगून टाकलं. अक्कांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला आणि दाराकडे बघत, अगदी पत्र वाचून दाखवावं तशा आवाजात, स्वतःचं सांगितलं.

ऑफिसात येऊन त्यांना तेव्हा थोडेच दिवस झाले होते. खोक्यांवर चिकटवायचे पत्ते त्यांनी उलटसुलट टाईप केले, एकाचा माल दुसऱ्याला गेला. ठपका आला पॅकिंगमधल्या एका बाईवर. घड्या घालताना अक्कांच्या शेजारी बसायची ती, अक्कांपेक्षा थोडी मोठी. त्या बाईला काढलं. अक्का खरं बोलल्या नाहीत, कारण नुकतं टेबल मिळालं होतं आणि घरात त्यांच्या पगाराकडे डोळे लावून पाच माणसं बसली होती. “तिचं काम गेलं. मला कुणी काय बोललं न्हाय. त्यानंतर मी सगळ्या जगाची माफी मागितली बघ, आजतागायत. रडक्याची, तुसडीची. तिची सोडून. आता तू खाली जा.”

“आधी पत्र लिहू?”

“पत्र काय, मी बी लिहिते. तू आधी उतर.”

मी उतरले. शेडमधे पाय टाकला की आवाजाची भिंत लागते. तिथली माणसं बोलत नाहीतच, हातांनी खुणा करतात, दुरून भुवया उडवून एकमेकांना चहाला बोलावतात. मास्तर मधल्या रांगेत एका मागावर वाकलेले. मी जवळ जाऊन म्हटलं, चूक माझी होती. त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना वाटलं असावं की वर काहीतरी भयंकर घडलंय, आणखी एखाद्या मालात दोष निघालाय. त्यांनी हात उंच करून पंजा मिटला. माग थांबवायची ती खूण. एका रांगेनं बघितली, मग दुसरीनं, आणि माझ्या ते ध्यानात यायच्या आत मी सगळा जीव एकवटून ओरडले होते, “मास्तरांनी मला विचारलं होतं. मीच हो म्हटलं. फोन करायची भीती वाटली म्हणून.”

शेवटचा माग तेवढ्यात थांबला होता. माझं वाक्य पत्र्याला लागून सगळ्या शेडभर फिरलं. पन्नासेक माणसं माझ्याकडे बघत होती. फोन करायची भीती वाटली, हेसुद्धा त्यांनी ऐकलं होतं. गालांपासून पायांपर्यंत मी जळत होते आणि मनात एकच आलं, की हाच तो शब्द, आणि मी इतके दिवस तो चहाला वापरत होते.

मास्तरांनी रुमालानं हात पुसले. “मॅडम,” ते म्हणाले, “इतक्या जोरात नसतं सांगितलं तरी चाललं असतं.” मागून कोणीतरी हसलं, मग दोघंचौघं हसले, आणि मास्तरांनी हात फिरवला तसे माग पुन्हा सुरू झाले. मी मेले नव्हते. उलट ती भीती, जी मोडनिंबहून निघाल्यापासून माझ्याबरोबर राहायला होती, ती जागेवर नव्हती.

मालकांकडे मी आणि मास्तर दोघं गेलो. त्यांनी मला भरपूर झापलं. मास्तरांना घरी बसवायचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. मालक लोक बोललेलं मागे घेत नाहीत, नुसतं पुन्हा बोलत नाहीत. पत्र मी चार ओळींचं लिहिलं. मला विचारण्यात आलं होतं, तुम्हाला विचारायचं सोडून मी हो म्हटलं, माल विणणाऱ्यांचा दोष नाही, आणि पुढं ‘आय’ घालून तो शब्द. अक्कांनी त्यात काना-मात्रेचाही फरक केला नाही. बाईनं माल परत पाठवला नाही. पुढच्या खेपेला सूट मागितली, ती मालकांनी कुरकुरत दिली. मला वेगळी एक ओळ होती, ‘विचारत जा, मला विचारलेलं आवडतं.’ मी आता विचारते. माझं इंग्रजी ऐकून ती अधूनमधून हसते, मीही हसते, काम होतं.

हे सगळं झाल्यावर महिन्याभरानं, एका रविवारी सकाळी अक्का माझ्या खोलीवर आल्या. नवी साडी, ताजा गजरा, हातात केळी आणि मिठाईचा पुडा. “चल माझ्यासंगं,” एवढंच म्हणाल्या. रिक्षा शहराच्या पूर्व भागात शिरली, जिथं घराघरातून माग चालतात. अक्का कडेला बसून ओठ हलवत होत्या. मला वाटलं जप करतायत. कान देऊन ऐकलं तर इंग्रजी. दिलगिरी, मनःपूर्वक, झालेल्या त्रासाबद्दल.

“अक्का, त्या पॅकिंगमधल्या बाईंना इंग्रजी येतं?”

“न्हाय की.”

“मग?”

त्यांनी मिठाईचा पुडा मांडीवर ओढला. “मला माफी इंग्रजीतच येती गं. घरच्या भाषेत मी कधी मागितलीच न्हाय. कसं म्हणतात तेच म्हाईत न्हाय.”

मला त्या वेळी त्यांचा फार कळवळा आला. सबंध कारखान्याला धाकात ठेवणारी बाई, आणि तिची बोटं मिठाईच्या पुड्याची सुतळी सोडत होती, बांधत होती.

घर गल्लीच्या टोकाला होतं. दार एका म्हातारीनं उघडलं. पातळ केस, नाकात खड्याची चमकी. तिनं अक्कांना ओळखायला जरासुद्धा वेळ लावला नाही. मला वाटलं होतं की आठवण द्यावी लागेल, नाव सांगावं लागेल. काही नाही. ती दारात हात आडवा धरून उभी राहिली.

अक्का म्हणाल्या, “आय ॲम,” आणि थांबल्या. पुढचा शब्द त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. तो आलाच नाही. त्यांनी पुडा माझ्या हातात दिला, पदर सावरला, आणि ज्या बाईला सगळा कारखाना अक्का म्हणतो तिला मी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तसं म्हणताना ऐकलं. “तप्पु नादे, अक्का.” चूक माझीच, अक्का. तेवढी तेलुगू मलाही कळली.

आतला माग चालूच होता. म्हातारीनं अक्कांकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि मला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, “ही लई शिकली म्हणतात पोरी. एवढं एक वाक्य शिकायला हिला किती वर्षं लागली बघ.”

आणि दारातला हात काढून ती बाजूला झाली. अक्का चपला काढायला वाकल्या, पण पट्टा काही निघेना. तेव्हा म्हातारीच खाली बसली आणि तिनं तो सोडवला.